कोऱ्या चौकटीतली सही

सायराकान एजेच्या टेबलावर आराखडा गेला, की तो काढणाऱ्याची दोन दिवस अन्नावरची वासना उडायची. एजे म्हणजे थोरली बहीण. बिश्केकमधल्या त्या आराखडे काढणाऱ्या सरकारी संस्थेत संचालकापासून झाडूवालीपर्यंत सगळे तिला एजेच म्हणत आणि तिला टरकून असत. प्रत्येक आराखड्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात एक चौकट असते. तीत काढणाऱ्याची सही, पडताळणाऱ्याची सही, आणि अगदी शेवटी नियम तपासणाऱ्याची. ही शेवटची सही अडतीस वर्षं सायराकानची होती. ती नसली की इमारत कागदावरच राहायची.

बाई खडूस आहे, असं लोक म्हणत. होतीच ती खडूस. दाराची रुंदी चार बोटं कमी भरली तर ती लाल पेन्सिलीनं गोल काढून कागद परत पाठवायची, आणि वर निरोप धाडायची, "आधी स्वतः स्ट्रेचर घेऊन या दारातून जाऊन दाखवा." सुट्टीवर जाण्याआधी लोक कोऱ्या कागदांच्या चौकटीत सह्या करून ठेवतात, म्हणजे मागं काम अडत नाही. ही रीत आमच्याकडच्या सगळ्या कचेऱ्यांत आहे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. सायराकानला वाटायचं. असे कोरे कागद तिला कुणाच्या खणात सापडले, तर ती त्याच्यासमोर उभी राहून ते फाडायची. एकदा तर तिनं संचालकाचे फाडले होते.

सगळ्यात जास्त छळ प्रयोगशाळा काढणाऱ्यांचा. त्या तिच्या खास अखत्यारीतल्या. प्रयोगशाळा म्हणजे भिंती आणि टेबलं नव्हेत, हवा कुठून येते आणि कुठं जाते याचा तो रस्ता आहे, भिंती फक्त तो रस्ता धरून ठेवायला, असं ती नव्या लोकांना पहिल्याच दिवशी ऐकवायची.

हे तिला पुस्तकांनी शिकवलं नव्हतं. तिची धाकटी बहीण बात्मा सव्वीस वर्षं जनावरांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत कामाला होती. मेंढ्या ज्या तापानं गाभडतात, त्याच तापाचे जंतू काचेच्या बशीत वाढवायचे आणि तपासायचे, हे तिथलं काम. प्रयोगशाळा कसली, जुन्या वसतिगृहाच्या खोल्या होत्या त्या. कामाच्या खोलीतली हवा बोळात यायची, बोळातली चहाच्या खोलीत, आणि चहाच्या खोलीत नऊ बायका पाव मोडून खात बसलेल्या. नवांपैकी चौघींना तो ताप लागला. बात्माचा ताप उतरला, पण सांधे धरले ते धरलेच. पन्नाशीच्या आत तिची बोटं अशी वाकडी झाली, की चहाचा पेला तिला दोन्ही तळव्यांत धरावा लागे. नवरा नव्हता, मूल नव्हतं. ती सायराकानकडे राहायला आली.

आता चिनाराबद्दल सांगायला हवं. चिनारा तलासहून आली तेव्हा बावीस वर्षांची होती, आणि नोव्हेंबरात तिच्या पायात उन्हाळी चपला होत्या. वसतिगृहात जागा नव्हती. सायराकाननं तिला घरी आणलं आणि स्वयंपाकघरात चुलीजवळ गादी घालून दिली. दोन हिवाळे पोरगी तिथं झोपली. तिनं काढलेला पहिला हवेचा मार्ग सायराकाननं सात वेळा परत पाठवला आणि आठव्या वेळी काही न बोलता सही केली. त्या दिवशी चिनारा बाजारातून मांस घेऊन आली आणि रात्रीचं जेवण तिनं रांधलं. पुढं संस्था बंद पडली, माणसं पांगली, कुणी टॅक्सी चालवायला लागलं. चिनारानं स्वतःची कचेरी काढली, आणि पहिल्या आठवड्यात सायराकानचं जुनं टेबल विकत घेऊन खिडकीपाशी मांडलं.

"एजे, तुमची जागा," ती म्हणाली. "तुम्ही सही केल्याशिवाय इथून एक चिठोरंही बाहेर जाणार नाही."

सायराकान चारचौघांत डोळे पुसणारी बाई नव्हती. त्या दिवशी तिनं पुसले.

आणि मग त्याच कचेरीत जनावरांच्या रोगांच्या नव्या प्रयोगशाळेचं काम आलं. सायराकानला वाटलं, देवानं ऐकलं. तिनं बात्माला समोर बसवलं आणि विचारायला सुरुवात केली. तीन हिवाळे हे चाललं. सायराकान बशी समजून पेला उचलायची, बात्मा तिला वाकड्या बोटांनी दाखवायची.

"बशा हातात असल्या की दार कशानं उघडायचं?" सायराकान विचारायची.

"ढुंगणानं. आणखी कशानं? तुझे इंजिनियर सांगतील कडी फिरवा. त्यांना म्हणावं, तुम्ही फिरवा."

मग दार धक्क्यानं उघडणारं झालं आणि नळ कोपरानं. लिहिण्याचं टेबल काचेच्या पलीकडे स्वच्छ बाजूला गेलं, कारण बात्मा म्हणाली होती की आम्ही घाणीतच बसून नोंदी लिहायचो. चहाची खोली उन्हाच्या बाजूला, डोंगर दिसतील अशी आली. "थंडीत चहाची खोली गारठलेली असायची," बात्मानं सांगितलं होतं, "म्हणून आम्ही कामाच्या खोलीतच चोरून चहा प्यायचो. तिथं शेगडी होती ना." सायराकाननं हेही लिहून घेतलं. सगळ्यात मोठी गोष्ट हवेची. बोळातली हवा कपडे बदलण्याच्या खोलीत ओढली जाईल, तिथली कामाच्या खोलीत, आणि तिथून गाळणीतून स्वतंत्र नळीनं थेट छपराच्या वर. मागं फिरायचं नाही. आणि या सगळ्या नळ्यांसाठी कामाच्या मजल्याच्या डोक्यावर एक आख्खा मजला, बिनखिडक्यांचा, माणूस ताठ उभा राहील एवढा उंच. गाळणी बदलायला येणाऱ्यानं जंतूंच्या खोलीत पाऊलही टाकायला नको.

जुन्या प्रयोगशाळेतल्या बायका अधूनमधून घरी येत. बात्मा त्यांना आराखडा उलगडून दाखवायची आणि म्हणायची, "ही खोली मी काढलीय. एजेनं फक्त रेघा मारल्या." सायराकान मान डोलवायची. खोटं नव्हतंच ते.

आराखडे सरकारी तपासणीला जाण्याच्या आठवड्यात बात्माला जेती-ओगुझच्या गरम झऱ्यांवर जाण्याचा परवाना मिळाला. तो तारखेचा असतो, चुकला की वर्षभर परत नाही. तिला एकटीला टबात उतरता येत नव्हतं, म्हणजे सायराकानला जाणं भाग होतं.

"तू जा बाई तुझ्या कागदांकडे," बात्मा म्हणाली होती. "मला पाणी नसलं तरी चालेल."

चिनारानं सहा कागद आणले. हवेच्या मार्गाच्या आराखड्यांचे, पण छापील चौकट सोडली तर कोरे.

"एजे, काहीच बदलणार नाहीये. तपासणीवाले पानांचे क्रमांक बदला म्हणतायत, एवढंच. छापून नवीन काढायला लागतील. तुम्ही आठवड्यानं येणार, त्यांना शुक्रवारी हवेत."

सायराकाननं पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. मग पुन्हा घेतलं. समोर तलासची ती पोरगी उभी होती, जिला तिनं आठव्या वेळी पास केलं होतं. तिनं सहा चौकटींत सहा सह्या केल्या.

दोन वर्षं इमारत उठत होती. "एजे, चिखलात कशाला येता, घसराल," असं म्हणून चिनारानं तिला बांधकामावर येऊ दिलं नाही, आणि बात्माचं एका गुडघ्याचं ऑपरेशन त्याच काळात झालं. ट्रॉलीबसमधून जाताना हिरव्या जाळीत गुंडाळलेली इमारत दिसायची, तेवढीच.

जाळी उतरल्यावर एका बुधवारी बायकांनी नव्या जागी आर्चाचा धूर द्यायचं ठरवलं. जुनिपरच्या त्या फांद्या आमच्याकडे नव्या घरात फिरवतातच, प्रयोगशाळा झाली म्हणून काय झालं. शुक्रवारी स्वीकृती समिती येणार होती आणि सोमवारी सामान हलणार होतं. बायका डबाभर बोरसोक, कणकेचे तळलेले तुकडे, घेऊन आल्या. पंखे चाचणीसाठी चालूच होते. सायराकान रस्त्यापलीकडे ट्रॉलीबसमधून उतरली आणि तिनं वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर, जिथं सपाट भिंत असायला हवी होती, तिथं खिडक्यांची रांग होती.

वरवरची काच लावली असेल, शोभेला. तिनं स्वतःची अशी समजूत घातली आणि आत गेली. आत काचेचा मोठा दिवाणखाना होता, दोन मजले उंच. तो तिच्या कोणत्याही आराखड्यात नव्हता.

जुनी प्रयोगशाळा-सेविका सोनूनबू तव्यात फांद्या पेटवून खोल्याखोल्यांतून फिरत होती. कामाच्या खोलीत ती शिरली आणि दार मागं लागलं. सायराकान बोळात उभी होती. हवा योग्य असती तर दाराच्या फटीतून धूर बाहेर यायलाच नको होता, उलट बोळातली हवा आत ओढली जायला हवी होती. पण दाराखालून पांढरा लोट आला, बोळात पसरला आणि हळूहळू चहाच्या खोलीकडे सरकू लागला.

"बघा, कसा निघाला," एक बाई खूश होऊन म्हणाली. "सगळं वाईट बाहेर पडलं."

सायराकान पासष्टाव्या वर्षी फरशीवर गुडघे टेकून बसली आणि तिनं तळवा फटीशी धरला. तळव्याला वारा लागत होता. बायकांना वाटलं, एजे प्रार्थना करतेय, आणि त्या गप्प झाल्या.

ती जिन्यानं वर गेली. बिनखिडक्यांच्या मजल्याच्या जागी गालिचा अंथरलेला बोळ होता आणि दोन्ही बाजूंना साहेबांच्या खोल्या, दारांवर पितळी पाट्यासुद्धा लागल्या होत्या. तिनं एका रंगाऱ्याची शिडी मागून घेतली आणि खाली येऊन कामाच्या खोलीच्या खोट्या छताचा एक तुकडा सरकवला. वर कोपरापर्यंत हात जाईल एवढीच जागा होती. त्या जागेत कामाच्या खोलीची नळी संडासांच्या नळीला जोडलेली होती, एकाच बारक्या पंख्यावर. छपराकडे जाणारी स्वतंत्र नळी नव्हतीच. ती शिडीवर तशीच उभी राहिली. रंगाऱ्यानं शिडी घट्ट धरली आणि विचारलं, "आजी, चक्कर येतेय का?"

कचेरीच्या जुन्या कागदांच्या खोलीची किल्ली तिच्याकडे होती. तिनं सही केलेले सहाही कागद मिळाले. संडासांची नळी, बारका पंखा, साहेबांच्या खोल्या, सगळं त्यांवर व्यवस्थित काढलेलं होतं. आणि कोपऱ्यातल्या चौकटीत तिची स्वतःची सही, शेवटच्या अक्षराची शेपटी खाली वळवलेली. तारीख बारा एप्रिल होती. त्या तारखेला ती झऱ्याच्या टबाशेजारी टॉवेल घेऊन उभी होती.

चिनारा आपल्या खोलीत होती. तिनं कागद पाहिले आणि खुर्ची पुढं ओढली.

"एजे, बसा. चहा सांगू?"

"तू सांग आधी."

"त्यांना दिवाणखाना हवा होता आणि वर बसायला खोल्या. भूकंपाच्या नियमानं उंची ठरलेली, ती वाढत नाही. मधला मजला काढला तरच जमत होतं. मी नाही म्हटलं असतं तर काम दुसऱ्याकडे गेलं असतं, त्यानं याहून वाईट केलं असतं."

"मला विचारलं असतंस."

"तुम्ही नाही म्हटलं असतंत."

"म्हणून विचारलं नाहीस."

चिनारानं कागद बाजूला सारले. मग म्हणाली, "मोठे पंखे घालून भागेल असं वाटलं होतं मला. पुढं त्यांनी पंखेही कापले. तोवर माझ्या हातात राहिलं नव्हतं."

"माझ्या घरात दोन हिवाळे झोपलीस तू. बात्माच्या हातचा पाव खाल्लास. ती पाव मळायची तेव्हा तिची बोटं कशी चालायची, बघितलंयस तू."

"बघितलंय."

"मग केसानं गळा कापताना काही वाटलं नाही?"

चिनारानं पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं. "वाटलं म्हणूनच तुम्ही परत आलात तेव्हा, तपासणीहून आलेले ते सहाही कागद बांधकामावर जाण्याआधी तुमच्या टेबलावर ठेवले, एजे. तीन दिवस. मुद्दाम ठेवले. म्हटलं, सापडू दे, मोकळी होईन मी. तुम्ही वरचं पानसुद्धा उलटलं नाहीत. चिनाराचं आहे ना, मग ठीक आहे, असं म्हणून गठ्ठा बांधलात आणि पाठवून दिलात. दुसऱ्या कुणाचे असते तर तुम्ही नळ्यांचे बोल्टसुद्धा मोजले असते."

सायराकानला ते आठवलं. तिला गठ्ठ्याची दोरीसुद्धा आठवली. चिनारानं फसवलं हा घाव मोठाच होता, पण त्या दोरीची गाठ तिनं स्वतः मारली होती.

"शुक्रवारी काही बोलू नका," चिनारा हलक्या आवाजात म्हणाली. "वर्षभरात मी पंखा बदलून देते. आणि बोललात तर लक्षात घ्या, काढणाऱ्याच्या आणि पडताळणाऱ्याच्या जागी माझ्या हाताखालच्या दोघांच्या सह्या आहेत, ते सोडून गेले. उरते तुमचीच."

गुरुवारी बात्मा दिवसभर आनंदात होती. बायकांनी तिला समितीच्या बैठकीला पहिल्या रांगेत बसायला बोलावलं होतं. ती आपला निळा रुमाल पुन्हापुन्हा बदलून बांधायला लावत होती. सायराकाननं तो चार वेळा बांधला, आणि तिला सांगायचं ते चारही वेळा गिळलं.

शुक्रवारी सकाळी काचेच्या दिवाणखान्यात समिती बसली. अध्यक्ष म्हणजे एक म्हातारे अभियंते होते, कान थोडे जड. एकेक खात्याचं नाव वाचून ते विचारत, काही हरकत? समोरून उत्तर येई, नाही, आणि ते खूण करत. नियम तपासणाऱ्याचं नाव शेवटी आलं. ते न विचारताच खूण करू लागले होते, कारण त्या जागेवर सायराकानची सही असल्यावर काय विचारायचं.

सायराकान उभी राहिली.

"हरकत आहे. कामाच्या खोलीतली हवा बोळात येतेय. नळी संडासाच्या नळीला जोडलीय. इथं माणसं बसली तर आजारी पडतील."

अध्यक्षांनी कानामागं हात धरला. "पण सही तुमची आहे ना, बाई?"

"माझीच आहे. मी ती कोऱ्या कागदावर केली होती."

अध्यक्षांनी चष्मा काढला. ते तिला तीस वर्षं ओळखत होते. तिनं त्यांचेही कागद परत पाठवले होते.

"अशा सह्या आणखी कुणाकुणाला दिल्यात?"

"कुणालाच नाही. अडतीस वर्षांत फक्त हिला."

चिनारा समोरच बसली होती. ती आपल्या वहीत काहीतरी लिहीत राहिली. तिनं मान वर केली नाही.

इमारत स्वीकारली नाही. ते व्हायला दहा मिनिटं लागली. सायराकानचा शिक्का त्याच टेबलावर जमा झाला, कागदावर लिहून घेतलं आणि तिला जायला सांगितलं. चिनारावर चौकशी बसेल, म्हणाले. बसेलही, आणि मिटेलही. पण सोमवारी सामान हलणार नव्हतं. बायका जुन्या वसतिगृहातच राहणार होत्या, तीच खोली, तीच शेगडी. बाहेर पायऱ्यांवर सोनूनबू सायराकानजवळून गेली आणि तिच्याकडे न बघता कुणाला तरी म्हणाली, "म्हणजे आणखी दोन हिवाळे तरी."

ट्रॉलीबसमध्ये सायराकाननं तिला सगळं सांगितलं, तीन दिवस टेबलावर पडून राहिलेल्या सहा कागदांचंसुद्धा. बात्मा खिडकीपाशी बसून बाहेर बघत राहिली. सायराकानला वाटत होतं, तिनं ओरडावं, चिनाराला शिव्या द्याव्यात, म्हणजे दोघींना मिळून देता येतील. बात्मा ओरडली नाही. घरी आल्यावर सायराकान नेहमीसारखी तिच्या कोटाची बटणं काढायला पुढं झाली. बात्मानं एक पाऊल मागं घेतलं आणि वाकड्या बोटांनी स्वतःच वरचं बटण काढू लागली. ते निघत नव्हतं.

"दे इकडे," सायराकान म्हणाली.

"नको."

बराच वेळ ती बटणाशी झगडत राहिली. मग हात खाली सोडून, कोट तसाच अंगावर ठेवून खुर्चीत बसली.

"चिनारा परकी होती," बात्मा म्हणाली. "तिला मी काही म्हणणार नाही. पण तीन हिवाळे मी तुला सांगत बसले, एजे. तुला फक्त सहा कागद वाचायचे होते."